मी गेलो की गरम होणारा एसी

"तुमी आला की ह्यो गार मारतो, आन फाट्यापर्यंत गेला न्हाई तर परत गरम. ह्याला तुमचा धाक हाय का काय?"

श्रीगोंद्याजवळच्या मळ्यातून नानांचा हा तिसरा फोन. मी नगरच्या एका दुकानात एसी दुरुस्तीचं काम बघतो. नाना फोनवर इतक्या मोठ्यानं बोलतात की समोर बसलेल्या शेठना सगळं ऐकू गेलं.

"आज सांजच्याला जावई येतोय," नाना म्हणाले. "पैलाच धोंडा हाय त्याचा. एसी त्याच्यासाठीच घेतला. भावकीत सांगून बसलोय. त्यो घाम पुसत जेवला तर माझी काय अब्रू ऱ्हायली?"

फोन ठेवला. शेठ म्हणाले, "आज झालं नाही तर ते मशीन गाडीत घालून आण. आणि नानांना काय सांगायचं ते तूच सांग."

माझं डोकंच फिरलं. दोनदा जाऊन आलो होतो. पहिल्या खेपेला गॅस बघितला, बरोबर. फिल्टर धुतला. खोली गारेगार. दुसऱ्या खेपेला व्होल्टेज बघितलं, सेन्सर बघितला. खोली पुन्हा गारेगार. नाना माझ्याकडे असे बघत होते, जणू जाताना मीच काहीतरी खिशात घालून नेतो.

एक गोष्ट सांगतो. एसी गारवा तयार करत नाही. खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. बाहेर टाकणारी पेटी म्हणजे आउटडोअर. नानांचा आउटडोअर गच्चीवर आहे. खोली हवी तेवढी गार झाली की आउटडोअरमधला कॉम्प्रेसर थांबतो. नानांच्या म्हणण्याप्रमाणे त्यांचा थांबतच नव्हता. दिवसभर घरघर चालू आणि खोलीत घामाच्या धारा.

एरवी निघताना मी गिऱ्हाइकाला फोन करतो. त्या दिवशी रागाच्या भरात गाडीला किक मारली आणि सुटलो. मळ्यात पोचलो तर नाना ओसरी धूत होते. मला बघून त्यांनी पाइप टाकला आणि हाताला धरून खोलीत नेलं. रिमोट सोळावर, आणि वारं कोमट.

"सापडला का न्हाई आज!" नाना म्हणाले. खोली गरम आहे याचा त्यांना आनंदच झाला होता.

मी तडक गच्चीवर गेलो. मागून नाना. बघतो तर आउटडोअर दिसेना. पाण्याच्या टाकीपासून डिशच्या खांबापर्यंत दोरी बांधून जुन्या साड्यांचा तंबू ठोकलेला. साडी बाजूला केली तर तोंडावर भट्टीसारखी धग. आत आउटडोअरच्या पंख्यासमोर बाज, बाजेवर प्लास्टिक, त्यावर पांढऱ्याशुभ्र कुरडया. आणि त्या उलटत बसलेल्या काकू, नानांच्या मंडळी.

"अगं बया! फोन न करता आला व्हय?" काकू दचकल्या.

"काकू, हे काय आहे?"

"रोज आभाळ येतंय. ऊन कुठाय वाळवणाला? ही पेटी दिसभर गरम वारं सोडती. कशाला वाया घालवायचं?"

"मग मी आलो तेव्हा हे कुठं होतं?"

"तुमचा फोन आला की आवरून ठिवायची. परक्या मानसाला पसारा दिसाया नको."

मी कठड्यावर बसलोच. म्हटलं, काकू, पेटीनं बाहेर टाकलेली धग तंबूत कोंडते, पेटी तीच परत आत ओढते. मग खोलीतली उष्णता तिनं टाकायची कुठं?

"त्ये मला म्हाईत न्हाई. पन आदी खोली गार झाली की पेटी थांबायची, कुरडया मऊ ऱ्हायच्या. साड्या बांधल्यापास्नं थांबत न्हाई. लई ब्येस चाललंय."

मी ज्याला बिघाड म्हणत होतो, तो काकूंनी मुद्दाम जमवून आणला होता.

नाना उसळले. "अगं, जावयासाठी एसी घेतला मी!"

"आन कुरडया कुनासाठी हायेत? लेक उद्या सासरी जाईल, तिच्या पिशवीत काय घालू? रिमोट?"

 खरं सांगतो, मला काकूंचंच पटलं होतं. पण शेठसमोर ते मशीन घेऊन जायची माझी छाती नव्हती. साड्या सोडल्या. पेटीच्या जाळीत धागे आणि कुरडयांचा चुरा अडकला होता, तो ब्रशनं काढला. बाज चार हात लांब, एका अंगाला सरकवली.

"वारं इथंही येईल काकू. फक्त आडोसा करायचा नाही."

काकूंनी वाऱ्यात हात धरून बघितला. "कमी लागतंय."

"वाळतील की उद्यापर्यंत."

"तुमी कवा केल्यात कुरडया?"

मी जिना उतरलो.

रिमोट चोवीसवर लावला. अर्ध्या तासात खोली गार झाली आणि गच्चीवरची घरघर थांबली. नाना धावत आले. "मेला! बंद पडला!"

"नाना, गार झाल्यावर असाच थांबतो तो."

त्यांचा विश्वास बसेना. जावई येईपर्यंत मला सोडलंच नाही. सांजेला लेक-जावई आले. जावईबापू एसीखाली टेकले. नाना, काकू आणि मी दारात उभे, त्यांच्या कपाळाकडं बघत. घाम नव्हता.

"मामा, काय गार हाय वो!" जावई म्हणाले. नानांची छाती फुगली. "आमच्याकडं बी ह्योच एसी हाय. पन महिना झाला, दिसभर चालतो आन खोली नुसती भट्टी. मेकॅनिक आला की नीट, त्यो गेला की बोंबला."

नानांनी काकूंकडं बघितलं. काकूंनी लेकीकडं बघितलं. लेक म्हणाली, "पानी आनते," आणि आत पळाली.

तेव्हापासून उन्हाळ्यात तक्रार आली की गॅस मी नंतर तपासतो. आधी विचारतो, यंदा कुरडया झाल्या का?