सरांनी फिरवलेलं ताट

मेंदूच्या झटक्यातलं आमच्या सरांना जेवढं कळायचं तेवढं सांगली-साताऱ्यात फार थोड्यांना कळत असेल, आणि ते शिकवताना समोरच्याला त्यांच्याइतकं गोंधळात टाकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. सांगलीच्या दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर म्हणून मी त्यांच्या हाताखाली दोन वर्षं काढली. सकाळी आले की पेशंटकडे न जाता ते बाहेरच्या बाकड्यावर नातेवाइकांत जाऊन बसायचे आणि विचारायचे, "शेवटचं धड कधी बघितलं?" गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आतच द्यावं लागतं, म्हणून हा प्रश्न. उत्तर यायचं, "धारा काढायच्या टायमाला." सर लिहायचे, साडेपाच. माणूस कोयनानगरकडचा असला तर सहा. तिकडं डोंगरामुळं उशिरा उजाडतं म्हणे. हे कुठल्या पुस्तकात दिलंय ते मी शोधत बसायचे. पुढं पुढं ते कँटीनवाल्यालाही वड्याबद्दल विचारू लागले, "हा शेवटचा गरम कधी होता?"

एकदा कराडकडचे एक ऊसबागायतदार काका आले. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, बोलणं बंद. अंगावरनं वारं गेलं म्हणून घरच्यांनी तासाभरात आणलेलं. स्कॅनमध्ये रक्तस्राव नव्हता. मी इंजेक्शनची तयारी केली, तेवढ्यात सर दारातून म्हणाले, "यांनी सकाळी काय खाल्लं?" मला वाटलं, सरांना भूक लागली असावी. काकांचा मुलगा म्हणाला, "आज उपास हाय. शुगरची गोळी तेवढी घेतली." सरांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. घाईत रक्तातली साखर तपासायचीच राहिली होती. सत्तरच्या वर हवी, ती निघाली अडतीस. शिरेतून ग्लुकोज दिलं आणि पंधरा मिनिटांत काका त्याच उजव्या हातानं पांघरूण सारत विचारू लागले, "माजी चप्पल कुटं हाय?" झटका नव्हताच तो. "जन्मभर साखर पिकवली," सर म्हणाले, "रक्तात तेवढी नव्हती." मी मात्र बराच वेळ हात धूत उभी राहिले.

शिराळ्याच्या आबांना तर कुणी आजारी म्हणून आणलंच नव्हतं. भांडण मिटवायला आणलं होतं. मुलगा सांगत होता, "तीन दिस झालं, म्हनत्यात, सून मला भाकरीच वाढत न्हाई. आन् ही म्हनती, रोज वाढती." सून कोपऱ्यात तोंड फिरवून उभी. आबांचे हातपाय चालत होते, बोलणंही खणखणीत. मी केसपेपरवर लिहिलं, 'कौटुंबिक'. सरांनी ते वाचलं, आबांशी दोन शब्द बोलले, खाली काहीतरी खरडलं आणि खानावळीतून ताट मागवलं. आबांनी उजवीकडचं पिठलं चाटूनपुसून संपवलं. डावीकडची भाकरी जागच्या जागी. "बघा," आबा म्हणाले, "हितंबी न्हाई." सर उठले आणि त्यांनी ताट अर्धं फिरवलं. आबा भाकरीकडं बघतच राहिले. मग खाऊ लागले.

मेंदूच्या उजव्या बाजूला झटका येऊन गेला होता, आणि आबांच्या लेखी डावीकडचं जगच उरलं नव्हतं. इंजेक्शनची वेळ तीन दिवसांपूर्वीच टळली होती. आता गोळ्या, व्यायाम, आणि डावीकडं बघायची सवय लावणं.

सून पुढं आली. "मी तीन दिस आबांशी बोललीच न्हाई. त्याच दिशी आनलं असतं तर?"

एरवी कुणाच्या प्रश्नाला सरळ उत्तर न देणारे सर लगेच म्हणाले, "पोरी, मलासुद्धा ताट फिरवल्यावरच कळलं. तुला कसं कळणार?"

ती पदरात तोंड घालून रडली. मग आबांच्या डाव्या बाजूला जाऊन बसली.

संध्याकाळी केसपेपर लावताना मी सरांनी खरडलेली ओळ वाचली. निदान पूर्ण लिहिलेलं होतं, ताट मागवायच्या आधी.

सर आता निवृत्त होऊन साताऱ्याला असतात. त्यांच्या खुर्चीत मी बसते, आणि "लवकर आणलं असतं तर?" हा प्रश्न मला विचारला जातो. खरं उत्तर मला ठाऊक असतं. कुणाला ते द्यायचं आणि कुणाला नाही, हे सरांनी कधी शिकवलं नाही. मी समोरच्याला आधी बसायला खुर्ची देते.