गाण्यातला डावा बैल

आमच्या मामंजींना उभ्या आयुष्यात नुसती भूक अशी कधी लागलीच नाही. भूक लागली की ती कुठल्या तरी कवितेतल्या वाटसरूची असायची, तहान लागली की सिनेमातल्या रानात हरवलेल्या नायकाची, आणि साधी सर्दी झाली तरी नाक शिंकरायच्या आधी ते पेटीवर दोन सूर धरून बघायचे, की आजच्या सर्दीला कोमल निषाद बरा की शुद्ध. सासरा म्हणून माणूस लाखातला. मला कधी उणा शब्द बोलले नाहीत. पण सासऱ्याचा जाच एक वेळ सोसवतो, सासऱ्याचा रसिकपणा सोसवत नाही, हे मी अनुभवाने सांगते.

मी घाटावरची. लग्न होऊन दहिवलीला आले तेव्हा मामंजी कर्जतच्या मालधक्क्यावरची कारकुनी संपवून नुकतेच घरी बसले होते. कारकुनी कसली, भिजलेल्या पोत्यांबद्दल कुणा व्यापाऱ्याने तक्रार केली तर उत्तरात ढगांवरच्या चार ओळी लिहून पाठवायचे. सासूबाई मी पाहिल्याच नाहीत, त्या माझ्या लग्नाआधीच गेल्या. आमचे हे पहाटे उठून कल्याणला कामावर पळत, म्हणजे दिवसभर मामंजींच्या तावडीत सापडायला उरलो मी आणि माझ्या धाकट्या वन्सं. ओटीवर पेटी कायम मांडलेली. तिची एक पट्टी दाबली की परत वर यायची नाही, त्यामुळे तो सूर सगळ्या रागांत आपला हजर. "याला आधारस्वर म्हणतात," मामंजी मला सांगायचे. मी मान डोलवायची, कारण चुलीवर दूध असायचं.

एकदा माझा भात करपला. रेशनचे दिवस, तांदूळ मोजून मिळालेला, माझ्या डोळ्यांत पाणी. मामंजी आत आले, वास घेतला आणि म्हणाले, "सूनबाई, थांब. हा क्षण असा वाया घालवू नकोस." मग त्यांनी आपली वही आणली, मासिकांतल्या कवितांची कात्रणं चिकटवलेली, आणि राखेवरची एक कविता मला सावकाश वाचून दाखवली. कविता त्यांच्या वाट्याला आली, करपलेला भात माझ्या. शेजारच्या बाबूची म्हैस मेली तेव्हा तर समाचाराला गेले ते थेट गोठ्याच्या दारात विरहगीत म्हणायला लागले. बाबू बिचारा दोन कडवी ऐकून घेत उभा राहिला आणि मग म्हणाला, "आबा, म्हस माजी मेली हाय. तुमी का गाताय?" मामंजी घरी येऊन म्हणाले, बाबूला दुःख कळत नाही.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं, पण वन्संचं लग्न व्हायचं होतं. बाविसावं सरलेलं, त्या काळात म्हणजे फारच झालं. मुलगी चांगली, कामाला वाघ, स्थळंही येत. पण पाहुणा पाटावर टेकला रे टेकला की मामंजी त्याची परीक्षा घेत. शेती किती, घर कसं, काही नाही. नेरळच्या एका दुकानदाराच्या मुलाला त्यांनी विचारलं, "मन उदास झालं की काय करता?" तो म्हणाला, "जेवतो." गेला. शेलूच्या मास्तरांना विचारलं, "चंद्र उगवताना बघून काय वाटतं?" मास्तर प्रामाणिक माणूस. म्हणाले, "संकष्टी सोडायची वेळ झाली असं वाटतं." तेही गेले. मी कपाळाला हात लावला. वन्सं पोह्यांच्या बशा विसळत राहिल्या.

तिसरा आला तो खालापूरकडचा. भाताची शेती, रापलेला चेहरा, हात केवढे तरी. फार बोलला नाही, पण वन्संच्या हातातलं चहाचं ताट जड दिसलं तसा उठून त्याने ते स्वतः घेतलं. मामंजींनी घसा साफ केला. "आभाळात काळे ढग दाटून आले की तुमच्या मनात काय येतं?"

"पेंढा झाकाया पायजे," तो म्हणाला.

मामंजींनी पेटीचा भाता मिटला. म्हणजे निकाल लागला. वन्सं आतल्या खोलीत माझ्यासमोर उभ्या राहिल्या आणि सरळ म्हणाल्या, "वहिनी, हा गेला तर पुढच्यासमोर मी जायची नाही. घरातच म्हातारी होईन, पण जायची नाही." अशा बोलणाऱ्या त्या नव्हेत. मी बाहेर आले, पदर सावरला आणि आठ वर्षांत पहिल्यांदा मामंजींच्या शब्दावर शब्द बोलले. म्हटलं, "एका प्रश्नात माणूस कळतो होय? कविता नसेल येत, सिनेमा दाखवून बघा." सिनेमाचं नाव काढल्यावर मामंजी पाघळले.

कापणी होऊन मोकळ्या झालेल्या शेतात तेव्हा सिनेमाचा तंबू लागला होता. चालू खेळ मामंजींनी चार वेळा पाहिलेला. त्यात नायक-नायिका बैलगाडीतून जातात आणि गातात, त्या गाण्याला मामंजी दर वेळी ठरलेल्या ओळीला रडत. त्या ओळीला पाहुण्याचा डोळा ओलावतो का, हीच परीक्षा. मी आणि वन्सं दोरीपलीकडे बायकांत बसलो. आमचं लक्ष पडद्यावर कुठलं असायला. गाणं सुरू झालं, गाडी धावायला लागली, आणि पहिलं कडवं संपायच्या आत त्या आडदांड माणसाने टोपी काढून डोळे पुसले. मामंजींच्याही आधी. वन्संनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी पिचली.

बाहेर आल्यावर मामंजी त्याला मिठी मारायचेच बाकी होते. "कुठल्या शब्दाला भरून आलं हो तुम्हाला? सुरुवातीलाच?"

तो ओशाळला. "गानं नाय आयकलं मी. त्यो डावा बैल लंगडत व्हता. खूर फाटलाय त्याचा. तसाच पळवला त्याला, गानं सरंस्तवर."

झालं, माझ्या मनात आलं, आता हाही गेला. मामंजी आमच्या पुढे झपाझप चालत घरी आले. वन्सं न जेवता झोपल्या. दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मामंजींनी कोट चढवला आणि एकटेच तंबूकडे गेले. परत आले तेव्हा मी ताट वाढून बसले होते. ते पाटावर बसले, पण भाताला हात लावला नाही.

"लंगडतोय," ते म्हणाले. "पहिल्यापासून लंगडतोय. आधी पाच वेळा पाहिलं मी, सूनबाई."

मी म्हटलं, "असू दे हो मामंजी. गाणं चालू असताना बैलाकडे कोण बघतं."

"तुझी सासू शेवटचं वर्षभर विहिरीवरून पाणी आणायची ती पोटाला एक हात लावून. हळूहळू यायची, थांबत थांबत. मी ओटीवर पेटी घेऊन बसलेला. तिच्या त्या संथ चालीवर मी कविता केली होती. सगळ्यांना आवडली होती." मग वन्संच्या खोलीकडे बघत म्हणाले, "त्या खालापूरवाल्यांना निरोप धाड. म्हणावं, मुलगी दिली."

मी ताकाचं भांडं त्यांच्यापुढे सरकवलं.

लग्न फाल्गुनात झालं. वन्संची गाडी खालापूरच्या रस्त्याला लागली तेव्हा सगळा मांडव वाट बघत होता, की आता मामंजी काही तरी म्हणतील, निदान दोन ओळी तरी. ते गाडीपुढे जाऊन वाकले आणि दोन्ही बैलांचे पाय बघून आले. लोक हसले. त्यांना काय माहीत.

मामंजी त्यानंतर सहा वर्षं होते. पेटी वाजायची, नाही असं नाही, वहीत कात्रणंही चिकटायची, आणि भात करपला तर मी अजून भीतभीतच झाकण काढायची. पण वन्सं सासरी गेल्याच्या दुसऱ्या सकाळी मी हंडा घेऊन ओटी चढत होते, तर त्यांनी भाता धरलेला हात थांबवला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"सूनबाई, तुझा उजवा खांदा दुखतो का गं?"

मी म्हटलं, "नाही हो, कुठे काय."

दोन पावसाळे दुखत होता. त्या घरातच काय, माहेरीही मला कुणी विचारलं नव्हतं. मी हंडा आत नेऊन ठेवला आणि चुलीपाशी बसून पोटभर रडले.