छत्तीसचा रोल, एकेचाळीस फोटो

तुम्ही घ्या चहा, मला नको. वासानेच जीव कासावीस झालाय, पण नको! आता काय सांगू तुम्हाला, शत्रूनेसुद्धा केली नसती अशी फजिती मी स्वतःच्या हाताने करून घेतली.

मला जुन्या कॅमेऱ्याचं वेड लागलंय, हे तुम्ही जाणताच. रंगीत रोलसुद्धा घरीच, जळगावच्या आमच्या न्हाणीघरात धुवायचा. यंदा पौषात पारोळ्याजवळ अक्कांच्या शेतावर भरीत पार्टी होती. अक्का म्हणजे माझ्या वडिलांची, नानांची, थोरली बहीण. दोघांचा एकत्र असा एकही फोटो नाही. मी ऐटीत जाहीर केलं, "मोबाईल खिशात ठेवा सगळ्यांनी. फोटो मी काढणार!"

शेकोटीपाशी स्वेटर घालून दोघं बसली. छत्तीसच्या रोलमध्ये मी चक्क एकेचाळीस फोटो काढले. हात बसला की असं होतं, असंही वर सांगितलं.

रविवारी न्हाणीघरात मिट्ट अंधार करून मी रोल धुण्याच्या डब्यात भरून झाकण फिरवत होते, तेवढ्यात नानांनी बादलीसाठी दार उघडलं.

"नाना, दार!"

"काय व्हयनं व?"

काय व्हायचं? औषधं अडतीस अंशांवर तापवली, मिनिटं मोजली, डबा हलवून हलवून मनगट दुखलं, आणि फिल्म निघाली कोरी! नुसती नारिंगी पट्टी. तरी मी ती स्कॅनरवर ठेवली. अक्का मुद्दाम पारोळ्याहून आलेल्या. चष्मा पुसून पडद्याला नाक लावून बसल्या.

"मी कोठे शे?"

मी सरळ नानांकडे बोट दाखवलं. "यांनी दार उघडलं!"

नानांचा चेहरा एवढासा झाला. "मनामुयेच बठ्ठं बिघडनं," सगळं आपल्यामुळेच बिघडलं म्हणाले, आणि दुसरा फोटो निघेपर्यंत चहा सोडला. नानांनी! दिवसाला आठ कप पिणाऱ्या माणसाने!

सगळे परत जमले थेट मे महिन्यात. पण अक्कांना फोटो तोच हवा, तस्साच. मग काय, त्या रणरणत्या उन्हात शेकोटी, स्वेटर, कानटोपी! नाना घामाने निथळताहेत, अक्का पदराने वारा घेताहेत आणि मी ओरडतेय, "थंडी वाजतेय असं दाखवा की!"

खटाखट फोटो काढले. "एकेचाळीस!" मी म्हणाले. "परत एकेचाळीस!"

नानांनी कानटोपी काढली. जन्मभर शिलाई मशीन चालवलेला माणूस. "छत्तीसना रोल शे ना? मंग एकेचाळीस कसा निंघनात? व पोरी, मशीन चाली राहिनं, पन दोरा धरनाच नही!"

मी हसतहसत कॅमेरा उघडला. फिल्मचं टोक जिथल्या तिथे! फिल्म पुढे ओढणाऱ्या चाकाने ते पकडलंच नव्हतं. म्हणजे पौषातही हेच झालेलं. उजेड लागला असता तर फिल्म काळी पडली असती हो. माझी निघाली होती कोरी, म्हणजे दार उघडायच्या आधीच डब्याचं झाकण बसलेलं होतं. आणि मी चार महिने त्या बिचाऱ्या माणसाला गुन्हेगार करून ठेवलं! मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

अक्कांच्या सुनेने मोबाईल काढला आणि एका टिचकीत फोटो घेतला. स्वेटरमधली दोघं, खो खो हसताना. इतका गोड फोटो मला सात जन्मात जमला नसता.

अक्का नानांना म्हणाल्या, "भाऊ, आते तू चहा पे." मग माझ्याकडे वळल्या. "आनि तू सोड. चार महिना!"

तर तो कप जरा तिकडे सरकवा. घरी नाना रोज माझ्यासमोर बसून बशीतून फुर्र फुर्र पितात, आणि माझे अजून दोन महिने अकरा दिवस बाकी आहेत.