गुणी बाळाची झोप

तोरुनचा आवाज म्हणजे आमच्या बेटाची मिजास. वखारीत मासे साफ करताना ती गायला लागली की आम्ही बायका थंडीला शिव्या घालायच्या विसरायचो.

तिची लेक सिग्ने जन्मली ती समुद्रापलीकडच्या इस्पितळात. तिथे तान्ह्या बाळाचे कान तपासतात. यंत्राने धड उत्तर दिलं नाही. "कानात पाणी राहिलं असेल, महिन्याभरात परत आणा," नर्स म्हणाली.

आमच्या उत्तर नॉर्वेत बाळांना लोकरीत गुंडाळून, बाबागाडीत, बाहेर बर्फातच झोपवतात. तोरुन गाडीवर वाकून गायची. सिग्ने टकामका बघत झोपी जायची. मग फेरीबोटीचा भोंगा वाजो नाहीतर समुद्रपक्षी डोक्यावर कोकलोत, पोरीची पापणी हलायची नाही.

"नशीब काढलंस बाई!" मी म्हणायची. "आमचं कार्टं दार करकरलं तरी घर डोक्यावर घ्यायचं."

"गुणाची आहे माझी," तोरुन फुशारायची.

परत तपासायच्या दिवशी वादळ झालं, फेरी बंद पडली. तोरुन नवी तारीख मागायला निघाली, तर सासू आल्फहिल्ड म्हणाली, "एवढ्याशा जिवाला लाटांवर कशाला हिंदकळवतेस? हे बघ." म्हातारीने पाळण्यामागे जाऊन बूट दाणकन जमिनीवर आपटला. सिग्ने दचकली.

"झाली तपासणी! आता कॉफी टाक."

आम्ही सगळे हसलो. लाकडी घरांत जन्म गेला आमचा. फळी हादरते, पाळणाही हादरतो, हे आमच्यापैकी एकाच्याही टाळक्यात आलं नाही.

दोन वर्षं उलटली तरी पोर बोलेना. "आमचा ओडवारही उशिराच बोलला," म्हातारी आपल्या लेकाचा, म्हणजे सिग्नेच्या बापाचा, दाखला द्यायची. अखेर तोरुनने कुणाचं न ऐकता फेरी गाठली. सिग्नेला जन्मापासूनच ऐकू येत नव्हतं. "पहिल्या काही महिन्यांत कळलं असतं तर भाषा लवकर हाती लागली असती," डॉक्टरीण हळूच म्हणाली. हळू बोलल्याने घाव काय कमी लागतो?

मग कानांना यंत्रं आली, त्यांचा फारसा उपयोग झाला नाही; खुणांची भाषा शिकवणारी बाई आली. तोरुन माशांच्या काट्यांनी चिरलेल्या बोटांनी खुणा गिरवू लागली. वखारीतलं गाणं मात्र थांबलं. 'गुणी बाळ' असं कुणी म्हटलं की माझं अजून डोकं फिरतं.

परवा मी त्यांच्याकडे बसले होते. सिग्ने आता सहा वर्षांची. ओडवारच्या जुन्या फोनवर तिला एक चित्रफीत सापडली. तीत तोरुन बाबागाडीवर वाकून गात होती. पोरीने ती पुन्हा पुन्हा पाहिली, मग आईचा गुडघा हलवून बोटांनी विचारलं, "आई, तू काय खात होतीस? मला का नाही दिलंस?"

गाण्याची खूण तोरुनला येत होती. तिचे हात मांडीवरून उठलेच नाहीत.