साक्षीदाराचा रकाना

आई गेल्यावर माझे रविवार मोकळे झाले, आणि मोकळा रविवार मला झेपत नाही. दोन महिने कपाटं आवरली. आवरण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा आरोग्य आणि रुग्णालय कायद्याच्या पदविकेचा अर्ज भरला. नोकरी करणाऱ्यांसाठी एक वर्षाचा अभ्यासक्रम, वर्ग फक्त रविवारी, कॉलेज गंगापूर रोडला. वहीत ‘फायदे’ आणि ‘अडचणी’ असे दोन रकाने आखले. अडचणींत लिहायला काही सापडलं नाही. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं.

मी एका खासगी रुग्णालयात रेकॉर्ड विभाग सांभाळते. तळघरात. पेशंट घरी गेला की त्याची फाइल माझ्याकडे येते, मी ती तपासते आणि क्रमांक घालून रॅकवर लावते. पेशंट मला दिसत नाही. त्याचं नाव, वय, गाव आणि आजार दिसतो. तपासणीची यादी मीच केलेली आहे, बावीस मुद्द्यांची. त्यातला सतरावा मुद्दा: संमतीपत्राचे सगळे रकाने भरलेत का? एकही रिकामा असला तर फाइल अपूर्ण, आणि अपूर्ण फाइल माझ्या रॅकवर जात नाही.

सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज सिस्टर माझी मैत्रीण. सोळा वर्षं दुपारी दीड वाजता ती डबा घेऊन खाली यायची. “वर बसलं की कोणीतरी बोलावतं,” म्हणायची. “तुझे पेशंट बरे, गप्प असतात.” तिचं माहेर पेठच्या पलीकडे डोंगरात. तिच्या डब्यात नागलीची भाकरी असायची, माझ्या डब्यात पोळी, आणि आम्ही निम्मं निम्मं करायचो. मी अभ्यासाचं सांगितल्यावर ती मला वकिलीणबाई म्हणायला लागली.

“आता आमच्यावर केस टाकणार का?”

“पहिली तुझ्यावरच. लोणच्याची बरणी परत केली नाहीस म्हणून.”

वर्गात दोन दातांचे डॉक्टर होते, काही वकील, काही माझ्यासारखे ऑफिसातले. चहाच्या सुट्टीत सगळे घरी फोन लावायचे. मी पुढच्या तासाची पानं वाचायचे.

संमतीचा विषय एक निवृत्त वकील शिकवत. त्यांनी विचारलं, “संमतीपत्रावरचा साक्षीदार कशाचा साक्षीदार असतो?”

“सहीचा,” कोणीतरी म्हणालं.

“पेशंटला समजावून सांगितलं, त्याने कोणी जबरदस्ती न करता सही केली, हे साक्षीदाराने समोर उभं राहून पाहिलेलं असतं. जो तिथे नव्हता त्याची सही म्हणजे खोटी साक्ष.”

माझं पेन थांबलं. वॉर्डात गडबड असली की साक्षीदाराचा रकाना रिकामा राहायचा. अशा फाइली सिस्टर डब्याबरोबरच खाली आणायची. जेवण झालं की मी हात धुऊन ओळीने सह्या करायचे. सतरावा मुद्दा पूर्ण, फाइल रॅकवर. दिंडोरी, वणी, पेठ, कुठल्या कुठल्या माणसांच्या अंगठ्यांची मी साक्षीदार होते, आणि त्यांतल्या एकाचाही चेहरा मी पाहिला नव्हता.

सोमवारच्या पानावर मी दोन कामं लिहिली. एक, सह्या बंद. दोन, सिस्टरला सांगणे. सोमवारी सिस्टर रजेवर होती आणि माझ्या टेबलावर तिच्या वॉर्डातल्या, साक्षीदाराचा रकाना रिकामा असलेल्या नऊ फाइली आल्या होत्या. मी प्रत्येकीला ‘अपूर्ण: साक्षीदार नाही’ अशी चिठ्ठी लावून त्या वर पाठवल्या. परत पाठवलेल्या फाइलींची यादी मोठ्या डॉक्टरांकडे जाते. हा नियमही माझाच. दुसरं काम मंगळवारवर ढकललं.

मंगळवारी सकाळच्या राउंडला मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांसमोर सिस्टरला विचारलं की तिच्या वॉर्डात हे काय चाललंय.

दुपारी ती खाली आली. हातात डबा नव्हता.

“सोळा वर्षं सह्या केल्यास तेव्हा कायदा झोपला होता का?”

“चूक झाली. माझी चूक होती ती.”

“मग चिठ्ठीवर तसं लिहायचंस. डॉक्टरांकडच्या यादीत माझ्या वॉर्डाचं नाव आहे. तुझं कुठेय?”

मी टेबलावरच्या कोऱ्या चिठ्ठ्या ड्रॉवरमध्ये सरकवल्या.

“एक फोन करायचास ना गं,” ती म्हणाली. “मी काय परदेशात होते?” आणि जिन्याने वर गेली.

त्यानंतर फाइली वॉर्डातल्या मावशींच्या हाती येऊ लागल्या. फोनवर ती मला मॅडम म्हणायची. “मॅडम, तुमच्या दोन फाइली पाठवल्यात.” मी मोठ्या डॉक्टरांना लेखी दिलं की आजवरच्या त्या सह्या माझ्या आहेत आणि त्या वेळी मी हजर नव्हते. त्यांनी वाचलं, “यापुढे नीट करा,” म्हणाले आणि कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. एक प्रत मी सिस्टरला पाठवली. पोच आली, उत्तर आलं नाही.

डबा मी त्याच टेबलावर खात राहिले. जेवायला आठ मिनिटं पुरतात. उरलेल्या वेळाचं काय करायचं ते कोणत्याच यादीत बसेना. घरीही तसंच, पण घराची सवय झाली होती.

वर्षाच्या शेवटी एक प्रकल्प होता: एखादं संमतीपत्र घेऊन, नाव-गाव झाकून, त्याची तपासणी करायची. मी आईची फाइल काढली; तिचं ऑपरेशन आमच्याच रुग्णालयात झालं होतं. नोंदवहीत लिहिलं: फाइल मागणारी मी, देणारी मी, पेशंटशी नातं मुलगी.

आईची सही तिरकी गेली होती. नातेवाइकाच्या रकान्यात माझी सही. साक्षीदाराच्या रकान्यात सिस्टरची, शेजारी वेळ घातलेली. ती दुपार मला आठवली. आई घाबरली होती. सिस्टरने तिचा चष्मा काढून पदराने पुसला आणि परत तिच्या डोळ्यांवर ठेवला. “काकू, आधी वाचा. घाई नाही.” पदराने म्हणते आहे, पण त्या दिवशी सिस्टर साडीत होती की गणवेशात, हे मला खात्रीने सांगता येत नाही. मी तिथे होते, पण रिपोर्टचे कागद लावत होते. आईकडे पाहत होती ती सिस्टर.

प्रकल्प मी लिहिला नाही. दुसऱ्या दिवशी साडेबाराला, उद्याच्या ऑपरेशनच्या संमती घेतात त्या वेळी, वर गेले.

“साक्षीदार लागतो ना?” मी म्हणाले. “मी उभी राहते.”

“मॅडम, तुम्हाला खाली काम नाही का?”

“आहे. हा एक तास मोकळा ठेवलाय.”

तिने नाही म्हटलं नाही. माणसं कमी होती.

खाटेवर पेठकडच्या एक आजी होत्या, हनुवटीवर गोंदण. पित्ताची पिशवी काढायची होती. डॉक्टर समजावत होते आणि आजी प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. शेवटी म्हणाल्या, “तुम्ही सांगाल तिथं अंगठा लावते.”

सिस्टर स्टूल ओढून त्यांच्याजवळ बसली आणि तेच सगळं पुन्हा डोंगरातल्या बोलीत सांगू लागली. मला निम्मं कळलं. आजींची मान हलायची थांबली. त्या ऐकू लागल्या. मग त्यांनी विचारलं, “भाकर कधी खायला मिळंल?”

“आठ दिवसांनी,” डॉक्टर म्हणाले. “थोडी थोडी.”

त्यांनी अंगठा लावला आणि शाई लुगड्याला पुसली. मी साक्षीदाराच्या रकान्यात सही केली. उभ्या उभ्या केलेली सही आईच्यासारखी तिरकी गेली.

“वेळ घाल,” सिस्टर म्हणाली.

मी वेळ घातली. एक वाजून दहा मिनिटं.

“डबा खाल्लास?”

“नाही अजून.”

“मग जा, खाऊन घे.” ती पुढच्या खाटेकडे वळली. “उद्या चार आहेत. साडेबाराला ये.”

मी खाली आले. वहीत उद्याचं पान काढून लिहिलं: साडेबारा, वर, चार. मग डबा उघडला. पोळ्या चार होत्या, सोळा वर्षांच्या सवयीने अजूनही चारच होत होत्या. दोन खाल्ल्या, दोन झाकून ठेवल्या.