घागच्या भिंतीवरचे चार नियम

जुनी गाडी विकलेल्या माणसाला चहा पाजा, तो तुम्हाला एक तरी किस्सा देऊन जातो. मीरा रोडच्या हाटकेश भागात दिलीप घागचं गॅरेज होतं आणि मी बँकेत कॅशियर, त्यामुळे आमच्याकडे असे किस्से ढिगाने साचले. गाडी घागच्या दारात विकली जायची आणि पैसे माझ्या काउंटरवर यायचे. कधीकधी यायचेच नाहीत.

प्रत्येक फसवणुकीनंतर घाग निळ्या ऑइलपेंटने भिंतीवर एक नियम लिहायचा. मी म्हणायचो, "घाग, भिंत भरत चाललीय." तो म्हणायचा, "कदमभाऊ, लोकांची अक्कल भरली की थांबतो."

*

पहिला नियम चौक गावच्या पास्कलदादाचा. मासळी वाहून वाहून त्याची व्हॅन इतकी वासाची झाली होती की तिला गिऱ्हाईक मिळालं यातच तो खूश. शनिवारी संध्याकाळी त्याने चेक घेतला, चावी दिली, वर खरेदीदाराला सुके बोंबील बांधून दिले.

काही दिवसांनी चेक परत आला. पास्कलदादा माझ्या काउंटरवर उभा. "सही हाय, आकडा हाय, बँकेचं नाव हाय. मग पैसं का न्हाय?"

मी वीस वर्षं बँकेत होतो. याहून सरळ प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. त्या संध्याकाळी भिंतीवर आलं: चेक नको.

*

मग निमकर सर. गिरगावातली खोली विकून मीरा रोडला आलेले, निवृत्त शिक्षक. डोळ्यांनी साथ सोडली म्हणून गाडी विकायला काढली. चेक नको हे भिंतीवर वाचूनच त्यांनी रोख घेतली आणि पिशवी घेऊन थेट माझ्याकडे आले.

बंडलाच्या मधल्या नोटा खोट्या निघाल्या. खोटी नोट परत देता येत नाही, शिक्का मारून ठेवून घ्यावी लागते. सरांच्या डोळ्यांदेखत मी एकेक शिक्का मारत होतो.

"अरे, वरच्या मी नीट तपासल्या होत्या," सर म्हणाले. "पेपर तपासायची सवय. पहिले दहा नीट बघायचे, मग हात आपोआप चालतो."

पोलिसांनी त्यांना चौकशीला चारदा बोलावलं. त्यानंतर सर आमच्या बँकेसमोरून जायचे नाहीत, रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. मला फार वाईट वाटायचं. दुसरा नियम: कॅश नको.

*

तिसरा नियम सगळ्यांना हसवतो. एकजण आपल्या म्हाताऱ्या वडिलांना घेऊन गाडी बघायला आला. "पप्पा इथेच बसतात, मी एक चक्कर मारून येतो." वडिलांना ठेवून कोण पळून जाईल? घागने चावी दिली.

एक तास झाला, दोन झाले. म्हातारा बाकावर शांत बसून. शेवटी घाग म्हणाला, "बाबा, मुलाला फोन लावा की."

"कोणाचा मुलगा? मी स्टेशनबाहेर बसतो. तो म्हणाला, अर्धा तास माझे वडील व्हा, जेवायला घालतो." मग म्हाताऱ्याने विचारलं, "जेवण तुम्ही देणार का?"

घागने त्याला जेवू घातलं. मग ब्रश घेतला: पैशाआधी चावी नाही.

*

चौथा जयेशभाईंचा. केबिन रोडवर त्यांचं साड्यांचं दुकान. त्यांनी डिमांड ड्राफ्ट घेतला. बँकेत आधी पैसे भरून मिळणारा कागद, त्यात कसली भीती? ड्राफ्ट रंगीत छपाईचा निघाला, ती बँक खरी होती, पण तसा ड्राफ्ट तिने काढलाच नव्हता.

जयेशभाईंनी त्याची झेरॉक्स गल्ल्याच्या काचेखाली ठेवली होती. येईल त्याला दाखवायचे. "कागद तो एकदम फर्स्ट क्लास था, कदमभाई. साडी का पोत पहचानता हूँ मैं, कागद का नहीं पहचाना."

या वेळी नियम मीच सांगितला. ड्राफ्ट काढणाऱ्या शाखेला मी आमच्या बँकेतून फोन करणार, त्यांनी हो म्हटल्यावरच चावी. घागने तो शब्दाला शब्द उतरवला. मला तेव्हा अभिमानच वाटला होता.

*

या नियमांना कंटाळून एक गिऱ्हाईक निघून गेलं. जाताना म्हणालं, "गाडी घ्यायला आलोय की सोयरीक जमवायला?"

आम्ही खूप हसलो. नंतर चार नियम पाळून एकही व्यवहार बुडाला नाही, हेही खरं.

*

आणि मग घागने स्वतःची गाडी विकायला काढली.

त्याच्या मुलीचं, वैशालीचं नाव नर्सिंग कॉलेजच्या वेटिंग लिस्टवर होतं, ते वर आलं. सोमवारी पाचच्या आत पूर्ण फी भरायची, नाहीतर जागा पुढच्या नावाला. वैशालीने पांढऱ्या गणवेशाचं कापडसुद्धा आणून ठेवलं होतं.

शुक्रवारी गिऱ्हाईक आलं. भला माणूस, भाव केला नाही, रोख रक्कम पिशवीत घेऊनच आला होता. घागने भिंतीकडे बोट दाखवलं. "कॅश नको. ड्राफ्ट आणा."

बिचारा शनिवारी दुपारी ड्राफ्ट घेऊन आला. तोवर बँका बंद. मी म्हटलं, "सोमवारी सकाळी पहिला फोन तुझा. खरा ठरला की तो चावी घेईल, आणि आमचे मॅनेजर या ड्राफ्टवर तुला लगेच पैसे देतील, मी बोललोय. तोवर अर्धे माझ्याकडून घे." घाग म्हणाला, "गाडी विकतोय ना मी? मग उसने कशाला?"

सोमवारी आमचा संप होता. मला माहीत होतं. पण दर वेळी संप आदल्या रात्री मागे घेतला जायचा, या वेळीही जाईल असं मी धरून चाललो होतो. तो झाला.

मी गेटवर पहिल्या रांगेत घोषणा देत होतो. समोर घाग आला. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत ड्राफ्ट. तो बंद शटरकडे बघत राहिला. माझे अर्धे पैसेही त्याच शटरमागे होते.

वैशाली आणि तिची आई पाचपर्यंत कॉलेजच्या ऑफिसात बसून होत्या. पाच वाजता क्लार्कने यादीतलं पुढचं नाव पुकारलं.

मंगळवारी दहा वाजता मी फोन लावला. समोरच्या शाखेने नंबर पाहिला, रक्कम पाहिली, हो म्हणाली. मी गॅरेजवर गेलो. खरेदीदार बाहेर उभा होता. वैशाली टेबलाशी बसली होती.

"काका, खरा निघाला?"

"हो गं. खरा आहे."

"मग बरं झालं," ती म्हणाली. तिने ड्रॉवरमधून चावी काढली आणि बाहेर जाऊन खरेदीदाराला दिली.

घागने सवयीने निळ्या रंगाचा डबा उघडला. ब्रश बुडवला आणि चौथ्या नियमाखाली मोकळ्या जागेसमोर जाऊन उभा राहिला. बाहेर गाडी रिव्हर्स होत होती. रंगाचे थेंब त्याच्या चपलेवर पडत होते, त्याचं तिकडे लक्ष नव्हतं. बऱ्याच वेळाने त्याने मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

"कदमभाऊ, काय लिहू?"