बाबांनी न मागितलेलं कार्ड

माझ्या पुढच्या दोन दातांपैकी डावा दात माझा असूनही माझ्या भरवशाचा नाही. पेरू मी कधी चावून खात नाही, ऊस तर सोडूनच द्या. सुरीने फोडी करायच्या आणि बाजूच्या दाढांनी खायच्या. लोकांना वाटतं, हिचे नखरे. नखरे कसले! त्या दाताचं मूळ निम्म्याहून जास्त झिजलंय. मी आठवी-नववीत असताना ते झिजलं, आणि तेही बाबांच्या डोळ्यांदेखत. हे सांगताना मला आजही धक्का बसतो. कारण अख्ख्या भोपाळात ज्या एका माणसाच्या डोळ्यांदेखत अशी चूक व्हायला नको होती, तो माणूस म्हणजे माझे बाबा.

आम्ही पिपलानीत राहायचो, कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. त्या मोठ्या सरकारी कारखान्यात बाबा वेल्डिंग तपासायचे. तिथे प्रत्येक वेल्डरजवळ एक कार्ड असे. त्यावर त्याचा फोटो, आणि खाली तो कोणत्या कामाची परीक्षा पास झालाय ते: आडव्या पडलेल्या जोडाची, उभ्या जोडाची की डोक्यावरच्या जोडाची. आडव्याचं कार्ड असलेल्याने डोक्यावरच्या जोडाला हात लावायचा नाही, मग त्याची नोकरी वीस वर्षांची का असेना. "साहब, हाथ देखिए इसका, मक्खन है," असं कुणी म्हणालं की बाबा म्हणत, "हाथ दिख रहा है. कार्ड दिखाओ." बाबांचं हिंदी एवढंच, पण ते सगळ्यांना समजायचं.

हे खूळ घरीही होतं. माझ्या गणिताच्या शिकवणीच्या सरांना त्यांनी मार्कशीट आणायला लावली होती. दादाच्या मुंजीच्या आचाऱ्याला विचारलं, दोनशे पानांचं श्रीखंड याआधी कुठे केलंस, त्या घरचा पत्ता दे. आईला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. बाबांना त्याचं काही नाही. माणूस चांगला आहे की वाईट हा प्रश्नच नाही, तो या कामासाठी पास झालाय का, एवढंच ते बघत.

माझे दात पुढे होते. बरखेड्याच्या शाळेत मुली म्हणायच्या, "पहले तेरे दाँत आते हैं, फिर तू आती है." मी एकीची वेणी ओढून तिला रडवलं, पण त्याने दात मागे गेले नाहीत. कारखान्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, तारा लावाव्या लागतील, बाहेर दाखवा. मग बाबा मला स्कूटरवर बसवून इंद्रपुरीत घेऊन गेले.

पहिल्या दवाखान्यात त्यांनी डॉक्टरांना विचारलं, कॉलेज कोणतं, तारांचं काम कुणाच्या हाताखाली शिकलात, किती मुलांना लावल्या. तरुण डॉक्टर हसून म्हणाले, "अंकल, इलाज कराने आए हैं या इंटरव्यू लेने?" बाबा उठले. दुसऱ्या दवाखान्यातही हेच. तिसऱ्यात आम्ही बाकावर बसलो होतो आणि बाबा मला मराठीत सांगत होते की इथे जमलं नाही तर सरळ नागपूरला जाऊ. तेवढ्यात पडदा सारून पन्नाशीचे, पांढऱ्या केसांचे डॉक्टर बाहेर आले.

"मराठी का जी तुम्ही?"

बाबांचा चेहराच बदलला. "हो न! कुठचे तुम्ही?"

"वर्ध्याचा मी."

"अरे बाप्पा! अन् आम्ही हिंगणघाटचे!"

झालं. अर्धा तास मी खुर्चीत आ वासून पडलेली, आणि हे दोघे हिंगणघाटचा बाजार, वर्ध्याचं स्टेशन, कुणाचा साळा कुणाचा मेव्हणा यात बुडालेले. बाबांना इतकं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. घरी आल्यावर ते आईला म्हणाले, "आपला माणूस आहे." आईने लगेच डॉक्टरांकडे पाठवायला कोथिंबिरीची सांबारवडी करायला घेतली. कॉलेज कोणतं, ते कुणी विचारलंच नाही.

पुढचं सव्वा वर्ष दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी आम्ही जात होतो. डॉक्टर तार बदलायचे, आवळायचे. दोन दिवस मला मऊ खिचडीशिवाय काही गिळवायचं नाही. "थोडं दुखलं तर लवकर होते बाळा," ते म्हणायचे. आणि खरंच लवकर झालं. आठ महिन्यांत दात आत गेले. मी स्वयंपाकघरातल्या ताटात बघून हसायला लागले. शाळेत चिडवणं बंद झालं. बाबा शेजाऱ्यांना माझे दात दाखवायचे, "हस बरं जरा," आणि मी शहाण्यासारखी हसायची.

मग डावा दात हलायला लागला. जिभेने ढकलला की पुढे जायचा, सोडला की मागे. दोन आठवडे मी कुणाला सांगितलं नाही, तारा काढतील आणि दात परत बाहेर येतील या भीतीने. शेवटी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "हलल्याशिवाय दात सरकते का?" बाबांनी मान डोलावली. शंभर जोडांतला एक केसाएवढा तडा शोधणाऱ्या माझ्या बाबांनी मान डोलावली!

त्याच सुमारास दवाखान्याची पाटी नव्याने रंगवली गेली. डॉक्टरांच्या नावाखाली आणखी दोन नावं आली. त्यातल्या एक डॉक्टरीणबाई बुधवारी आणि शनिवारी यायच्या. पुढच्या शनिवारी आम्ही गेलो तेव्हा आमचे डॉक्टर लग्नासाठी वर्ध्याला गेले होते, म्हणून मला बाईंनी तपासलं. त्यांनी माझा दात दोन बोटांत धरला आणि हलवला. मग त्यांचा हात थांबला.

"पुराना एक्स-रे दीजिए."

बाबा म्हणाले, "निकाला नहीं. डॉक्टरसाहब बोले, जरूरत नहीं."

"शुरू में भी नहीं?"

"नहीं."

बाईंनी पुन्हा तेच विचारलं, जणू पहिलं उत्तर त्यांना पटलंच नव्हतं. मग चिठ्ठी देऊन मागच्या गल्लीत एक्स-रे काढायला पाठवलं. अर्ध्या तासाने आम्ही फिल्म घेऊन आलो. त्यांनी ती खिडकीच्या उजेडात धरली. बाकीच्या दातांची मुळं लांब, टोकदार. माझ्या पुढच्या दोघांची बोथट, आणि डाव्याचं तर जेमतेम. मला वाटलं, दुसऱ्याच कुणाची फिल्म आणलीय आम्ही. कोपऱ्यात माझंच नाव होतं.

"ज़ोर बहुत लगा है, और जल्दी-जल्दी," बाई म्हणाल्या. "ऐसे में जड़ घुल जाती है."

"गिर जाएगा?" मी विचारलं.

"पता नहीं, बेटा."

मोठ्या माणसाने मला इतकं खरं उत्तर तोवर कधी दिलं नव्हतं. बाबांचा आवाज चढला. हा माणूस खोटारडा आहे, आम्हाला फसवलं, मी तक्रार करतो, असं ते मोडक्यातोडक्या हिंदीत बोलत सुटले. बाईंनी त्यांना बोलू दिलं.

मग त्या म्हणाल्या, "अंकल, सर झूठ नहीं बोले. बाहर बोर्ड पर लिखा है. दाँत निकालना, भरना, बत्तीसी बनाना, इसमें सर जैसा हाथ पूरे इंद्रपुरी में नहीं. तार का काम अलग है. उसके लिए डिग्री के बाद तीन साल और पढ़ना पड़ता है. सर ने कुछ दिन का कोर्स किया है."

मी धावत बाहेर जाऊन पाटी वाचली. डॉक्टरांच्या नावाखाली एकच ओळ होती, साध्या पदवीची. बाईंच्या नावाखाली दोन, आणि दुसऱ्या ओळीत दात सरळ करण्याच्या शास्त्राचं नाव. डॉक्टरांची ती एकच ओळ जुन्या पाटीवरही तशीच होती, सव्वा वर्ष आमच्या डोक्यावर. आम्ही तिच्याखाली स्कूटर लावायचो.

आत आले तेव्हा बाई बाबांकडे निरखून बघत होत्या. "आप कारखाने में वेल्डिंग इंस्पेक्शन में हैं ना? मेरे पापा वहीं वेल्डर थे. हम बरखेड़ा में रहते थे. आपने उन्हें दो बार ऊपर वाले जोड़ से उतारा था. घर आकर कहते थे, वो मराठी साहब तो अपने सगे भाई से भी कार्ड माँगेगा." त्यांनी फिल्म बाबांच्या हातात ठेवली. "फिर यहाँ क्यों नहीं माँगा?"

त्यात टोमणा नव्हता. त्या खरोखरच चकित झाल्या होत्या. परतताना बाबा आमच्या वळणावरून सरळ पुढे गेले, थेट कारखान्याच्या फाटकापाशी पोचले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं.

घरी आल्यावर मी आकाशपाताळ एक केलं. "तुम्ही त्यांना फक्त गाव विचारलंत! गाव!" आई मला गप्प करत होती, मी गप्प बसत नव्हते. दात पडणार याचा धक्का होताच, पण त्याहून मोठा धक्का, बाबा चुकू शकतात याचा होता. तो मला सहनच होईना. नंतर आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "अगं, वीस वर्षं इथे हिंदीत काढली त्यांनी. कुणी आपल्यासारखं बोललं की विरघळतात." मी म्हटलं, "मग माझा दात का विरघळला?"

पुढच्या आठवड्यात बाबा डॉक्टरांना भेटायला गेले आणि मलाही नेलं. मला वाटलं, आता भांडण. डॉक्टरांनी फिल्म बघितली, चष्मा काढला आणि खुर्चीवर बसले. "तुम्ही विचारलंच नाही न," ते हळूच म्हणाले. "मला वाटलं, तुम्हाला चालते." बाबा म्हणाले, "विचारायला पाहिजे होतं." दोन मोठी माणसं समोरासमोर बसून रडण्याच्या बेतात होती आणि मला दोघांचाही भयंकर राग येत होता. त्यानंतर डॉक्टरांनी तारांचं काम कधी केलं नाही, एवढं मात्र खरं.

त्याच रविवारी दुपारी बाबांनी माझ्या वहीतला कोरा कागद मागितला. कारखान्यात एखादा जोड चुकून पास झाला की तपासणाऱ्याला एक फॉर्म भरावा लागे: जॉब, दोष, कारण, जबाबदार कोण, दुरुस्ती, शेरा, आणि शेवटी ज्याचा जॉब त्याची सही. कारखान्याची टाचणीसुद्धा बाबा घरी आणत नसत, म्हणून त्यांनी पट्टी घेऊन सगळे रकाने स्वतः आखले. लिहिलं, आणि कागद माझ्यापुढे ठेवला. "वाच, अन् सही कर."

"करणार नाही," मी म्हटलं, आणि न वाचताच उठले. त्यांनी कागदाची घडी घालून कपाटात ठेवली.

बाईंनी सहा महिने माझ्या दातांना ताण दिलाच नाही. नुसतं थांबायचं. रोज सकाळी मी आधी जिभेने दात चाचपायची, मग डोळे उघडायची. नंतर त्यांनी अगदी हलक्या तारा लावल्या. दर वेळी बाबा बाकावर बसायचे आणि बाई न विचारता त्यांना सांगायच्या, आज किती ताण दिला, का दिला. बाबा ऐकून मान हलवायचे, पण आधी फिल्म बघायचे.

मी अकरावीत असताना तारा निघाल्या. बाईंनी दातांच्या मागून एक बारीक तार कायमची चिकटवली, डाव्या दाताला शेजाऱ्यांचा आधार म्हणून. बोटाने दाबून बघितलं. दात जागचा हलला नाही.

"चलेगा?" बाबांनी विचारलं.

"संभालेगी तो चलेगा."

घरी येऊन मी स्वतःच कपाट उघडलं आणि तो कागद काढला. पहिल्यांदा वाचला. जॉब: मुलीचा पुढचा डावा दात. दोष: मूळ झिजले. कारण: कामगाराचे कार्ड पाहिले नाही. कार्ड न पाहण्याचे कारण: कामगार आपल्याकडचा निघाला. जबाबदार: तपासनीस. दुरुस्तीच्या रकान्यात बाईंकडच्या प्रत्येक खेपेची नोंद होती, दर वेळी वेगळ्या शाईची. अडीच वर्षांत तो रकाना भरून मागच्या पानावर गेला होता. शेऱ्याची आणि सहीची जागा तेवढी कोरी होती.

मी रडले, रागावलेही, आणि मग पेन घेतलं. शेऱ्यात लिहिलं, "आधी कार्ड मागावे. गाव नंतर विचारावे." खाली सही केली आणि कागद बाबांना दिला.

त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला. मग माझ्याकडे न बघताच म्हणाले, "नंतर का होईना, विचारू देशील न?"